दोष हाताचा म्हणण्याआधी



या पानावर आम्ही नेहमी गुडघे, साखर, रक्तदाब, डोळ्यांत घालायचे थेंब असले विषय घेतो. या खेपेचा विषय वेगळा वाटेल, पण शेवटी तोही हाताचाच आहे. हल्ली आपल्या पुष्कळ घरांत नातवंडे कॉम्प्युटरवर स्वतःच लहान लहान खेळ बनवतात. शाळेत शिकतात, घरी येऊन करून बघतात. मग आजी-आजोबांना हाक मारतात, दोन्ही हातांत धरायचा तो गेमपॅड त्यांच्या हाती देतात आणि म्हणतात, खेळा. पडद्यावरचे चित्र मात्र जागचे हलत नाही. असे दोन-तीनदा झाले की मोठी माणसे पॅड खाली ठेवतात. "आमचे हात आता गेले रे बाबा," म्हणतात. पोर हिरमुसते. आणि पुन्हा त्या घरात आजोबांच्या हाती कोणी पॅड देत नाही.

आमचे सांगणे एवढेच की, हाताला दोष देण्याआधी हातापासून पडद्यापर्यंतची सगळी वाट तपासा. वॉर्डात सलाईन थांबले की नवशिकी नर्स आधी सुई हलवायला धावते. जुन्या सिस्टर तिला थांबवतात. आधी बाटली बघ, रिकामी झाली का. मग चिमटा बघ, कोणी आवळला का. मग नळी बघ, पेशंटच्या अंगाखाली दबली का. हे सगळे ठीक असेल तर मग सुईला हात लाव. पेशंटला पुन्हा टोचायची पाळी सगळ्यात शेवटी येते. गेमपॅडचेही अगदी तसेच आहे. फरक एवढाच की इथे टोचणी मनाला लागते.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो, म्हणजे मुलांनाही समजेल. आजोबांचे वय ८६. दोन वर्षांपूर्वी झटका येऊन उजवी बाजू कमजोर झाली. चालतात, जेवतात, पण उजव्या अंगठ्यात जोर कमी. नात तेरा वर्षांची, नातू दहाचा. दोघे हिब्रू बोलतात, मराठी समजते पण उत्तर देता येत नाही. आजोबांचे उलटे. तेव्हा एकत्र बसून काही करायचे तर खेळ बरा, असे नातीने ठरवले आणि तिने खेळ बनवला. त्याचे नाव ठेवले 'दस्मान'.

आता दस्मान हे काय, असे तुम्ही विचाराल. कुवेत शहराचे अगदी पूर्वेकडचे, समुद्रात घुसलेले टोक म्हणजे दस्मान. तिथेच ते प्रसिद्ध कुवेत टॉवर्स उभे आहेत, १९७९ साली लोकांसाठी उघडलेले. तीन मनोरे आहेत. सगळ्यात उंच मनोरा १८७ मीटरचा, त्याला दोन मोठे गोळे. दुसऱ्याला एक गोळा. तिसरा नुसता सुळका, बाकीच्या दोघांवर प्रकाश टाकण्यासाठी. गोळे शोभेचे वाटतात, पण पहिल्या दोन मनोऱ्यांत शहराचे पिण्याचे पाणी साठवायची सोय केलेली आहे. त्या गावात एके काळी गोडे पाणी बोटीतून आणावे लागे, म्हणून पाण्याची ही थोरवी. शेजारीच दस्मानचा राजवाडा. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसले तेव्हा तिथे मोठी लढाई झाली. पुढे १९९१च्या जानेवारीत आपण इथे गॅसमास्क लावून बंद खोलीत बसलो होतो, तेव्हापासून कुवेतचे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे.

पण आजोबांची कुवेतची ओळख त्याहून जुनी. त्यांचे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. लहानपणी आजोबांनी तिथे कुवेतची शिडाची गलबते पाहिली. 'बूम' म्हणतात त्यांना, दोन्ही टोकांना निमुळती. बसऱ्याकडचा खजूर घेऊन ती हिंदुस्थानच्या किनाऱ्याला यायची आणि जाताना मलबारचे सागवान न्यायची. तेच सागवान कुवेतमध्ये नवी गलबते बांधायला लागे. त्या काळी कुवेतमध्ये आपला रुपयाच चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६१ साली कुवेतचा स्वतःचा दिनार आला. हे सगळे आजोबांनी नातीला तोडक्यामोडक्या हिब्रूत सांगितले होते. तिने त्यावरून खेळ केला. मुंबईहून एक बूम निघते, वाटेतले खडक चुकवत जायचे, दस्मानचे तीन मनोरे दिसले की बटण दाबून नांगर टाकायचा. नांगर बरोबर जागी पडला तर मनोऱ्यातला दिवा लागतो. इतकेच. पोरीने इतिहासाची थोडी खिचडी केली आहे, कारण मनोरे आले तेव्हा बूमांचा जमाना सरलेला होता. पण खेळ गोड आहे.

नात खेळली तर बूम पळे. नातू खेळला तरी पळे. आजोबांनी पॅड घेतला की बूम बंदरातच उभी. आजोबा आम्हाला म्हणाले, "सिस्टर, माझा अंगठा मेला." आम्ही म्हणालो, "भाऊ, मेला असेल तर बघून सांगू. आधी बाकीचे बघू द्या."

बाकीचे म्हणजे काय, हे समजण्यासाठी एक जुनी गोष्ट उपयोगी पडते, आणि योगायोगाने तीही कुवेतचीच आहे. कुवेतच्या मोहम्मद अल-शारेख या गृहस्थांनी १९८२ साली 'सख्र' नावाने अरबी कॉम्प्युटरचे काम सुरू केले. सख्र म्हणजे अरबीत खडक. त्यांच्या कंपनीचे नाव अल-आलमिया. १९८३ साली जपानमध्ये एमएसएक्स नावाचा घरगुती कॉम्प्युटरचा एक नमुना ठरला होता. यामाहासारख्या कंपन्यांच्या तसल्या यंत्रांवर अरबी अक्षरे बसवून सख्रने ती अरब देशांत विकली. त्या पिढीच्या पुष्कळ अरब मुलांनी आपला पहिला खेळ त्याच यंत्रावर लिहिला. यंत्र चालू केले की 'बेसिक' भाषा तयारच असे. १९९०च्या आक्रमणानंतर कंपनीने आपला मुक्काम कैरोला हलवला. अल-शारेख २०२४ साली वारले.

या यंत्राला खेळाची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, लावता येई. ती कशी चाले ते लक्ष देऊन वाचा, कारण आजचा पॅडही मुळात तसाच चालतो. दांडी कॉम्प्युटरला आपणहून काही सांगायला जात नाही. खेळाने तिला विचारावे लागते. बेसिकमध्ये त्यासाठी 'स्टिक' असा शब्द आहे. (टाइप करताना तो इंग्रजी अक्षरांत करायचा.) खेळाने स्टिक विचारली की उत्तरादाखल एक आकडा येतो. दांडी मधे असेल तर ०. वर केली तर १. मग घड्याळाच्या काट्यासारखे फिरत जायचे: वर-उजवीकडे २, उजवीकडे ३, खाली ५, डावीकडे ७, आणि शेवटी वर-डावीकडे ८. बटणासाठी दुसरा शब्द, 'स्ट्रिग'. बटण दाबलेले नसेल तर ०, दाबलेले असेल तर उणे १.

म्हणजे मुलांनो, हात आणि चित्र यांच्यामध्ये फक्त आकडा असतो. आकडा येतोय का आणि खेळ तो आकडा ऐकतोय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चित्र हलत नसेल तर आधी ठरवायचे की, यांतला कोणता प्रश्न अडला आहे.

त्या जुन्या यंत्रावर मुलांना कोणत्या अडचणी यायच्या? पहिली अशी. स्टिक शून्य म्हणजे किबोर्डवरचे बाण, स्टिक एक म्हणजे पहिल्या खाचेतली दांडी, स्टिक दोन म्हणजे दुसऱ्या खाचेतली. खेळात स्टिक शून्य लिहिले असेल तर बाणांनी खेळ मस्त चालतो आणि दांडी मेल्यासारखी वाटते. दांडी चांगलीच असते, खेळ तिला विचारतच नसतो. दुसरी अडचण अशी की, खेळाच्या सुरुवातीला एकदाच विचारले आणि पुन्हा विचारलेच नाही. आईने सकाळी एकदा "भूक लागली का?" विचारावे आणि दिवसभर तेच उत्तर धरून बसावे, तसे ते होते. विचारणे सतत, फेऱ्याफेऱ्याने चालू राहायला हवे. तिसरी अडचण प्लगची. दांडीचा प्लग नऊ पिनांचा. तेव्हाच्या पुष्कळ खेळयंत्रांचे प्लग दिसायला हुबेहूब तसेच आणि खाचेत बसायचेही नीट, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी. एमएसएक्समध्ये पाच व्होल्टचा पुरवठा पाचव्या पिनेवर असतो, जुन्या अटारीत तो सातव्या पिनेवर. प्लग बसला म्हणजे जुळला असे नव्हे. आमच्या वॉर्डातही नळीचे तोंड बसले म्हणजे नळी बरोबर जागी जोडली असे कोणी धरून चालत नसे. लेबल वाचूनच पुढे जायचे.

आता आजच्या पॅडकडे येऊ. आम्ही त्या घरी वही घेऊन बसलो आणि नातीला सांगितले की, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणत्या औषधाचा ते कळत नाही.

पहिली पायरी, तार. पॅडच्या दिव्याकडे बघा. तार घरातली कुठलीही उचलू नका. काही यूएसबी तारा फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांतून वीज जाते, आकडे जात नाहीत. दिवा लागतो आणि आपण फसतो. बिनतारी पॅड असेल तर बॅटरी बघा, आणि तो शेजारच्या टीव्हीला किंवा भावाच्या फोनला तर जोडलेला नाही ना, हेही बघा.

दुसरी पायरी, कॉम्प्युटरला पॅड दिसतो का? खेळ बंद ठेवून बघायचे. विंडोजमध्ये 'रन'ची चौकट उघडून 'जॉय डॉट सीपीएल' लिहिले की जोडलेल्या पॅडांची यादी येते. त्यात तुमचा पॅड निवडून चाचणीचे पान उघडले की बटण दाबल्यावर दिवे लागताना दिसतात आणि दांडी हलवली की खूण हलते. इथे सगळे हलत असेल तर पॅड, तार आणि कॉम्प्युटर तिन्ही सुटले. दोष खेळात किंवा ब्राउझरमध्ये शोधायचा. इथेच काही हलत नसेल तर खेळाच्या मागे लागू नका.

तिसरी पायरी ब्राउझरची. नातीचा खेळ क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये चालतो. ब्राउझर खेळाला पॅड दाखवतच नाही, जोपर्यंत माणूस पॅडवरचे एखादे बटण दाबत नाही. कुठल्याही पानाने गुपचूप आपली यंत्रे मोजू नयेत म्हणून मुद्दाम ठेवलेली ही खबरदारी आहे. तेव्हा खेळ उघडला की आधी पानावर माऊसने क्लिक करा, मग पॅडचे एक बटण दाबा, मग दांडी हलवा. पुष्कळ आजोबा दांडीच हलवत बसतात आणि खेळ गप्प राहतो. मुलांनी सुरुवातीच्या चित्रावर 'बटण दाबा' असे मोठ्या अक्षरांत लिहावे.

चौथी पायरी, सतत विचारणे. हे सख्रसारखेच आहे. पडद्यावरचे चित्र साधारण सेकंदाला ६० वेळा नव्याने काढले जाते, आणि दर खेपेला खेळाने पॅडची यादी नव्याने मागायला हवी. क्रोममध्ये एकदा मागितलेली यादी ही त्या क्षणाचा फोटो असते. फोटोतला माणूस हात हलवत नाही. फायरफॉक्समध्ये तीच जुनी यादी आपोआप ताजी होते. म्हणून एकच खेळ एका घरी चालतो आणि दुसऱ्या घरी अडतो, आणि पोरे पॅडला नावे ठेवतात.

पाचवी पायरी, कोणता आकडा कशाचा. इथे मोजणी शून्यापासून सुरू होते. नेहमीच्या मांडणीत खालचे बटण ०, डाव्या दांडीची आडवी हालचाल ०, उभी १. बाणांच्या फुलीची चार बटणे १२ ते १५. दांडीचा आकडा उणे १ ते अधिक १ असतो, मधे शून्य. ब्राउझरमध्ये वर म्हणजे उणे, खाली म्हणजे अधिक. शाळेतल्या आलेखात वर अधिक असते, म्हणून मुलांची बूम उलटीकडे जाते. बटणावरच्या अक्षरावरही विसंबू नका. एक्सबॉक्सच्या पॅडवर 'ए' खाली असते, निन्टेन्डोच्या पॅडवर ते उजवीकडे असते. आणि ब्राउझरला ओळखीचा नसलेला स्वस्त पॅड असेल तर आकडे वेगळेच येऊ शकतात. उपाय सोपा आहे. खेळाच्या एका कोपऱ्यात येणारे सगळे आकडे छापून ठेवायचे आणि एकेक बटण दाबून वहीत लिहायचे.

नातीने हे आकडे छापले आणि तिथेच उलगडा झाला. आम्ही आजोबांना दांडी उजवीकडे करायला सांगितली. त्यांनी केली. कोपऱ्यात आकडा उमटला: ०.३४. पुन्हा केली, ०.३१. पुन्हा, ०.३६. अंगठा हलत होता, पॅडला कळत होते, कॉम्प्युटरलाही कळत होते. मग बूम का हलत नव्हती? नातीने खेळात लिहिले होते की, आकडा ०.५ च्या वर गेला तरच बूम हलव.

तिनेही ते उगाच लिहिले नव्हते. तिच्या आधीच्या जुन्या पॅडची दांडी सोडून दिली तरी बूम आपोआप सरकत असे. दांडीखाली घासणारे भाग असतात. ते झिजले, धूळ बसली, स्प्रिंग सैल झाली की दांडी बरोबर मधे येत नाही आणि शून्याऐवजी काहीतरी आकडा येत राहतो. (नव्या काही पॅडांत चुंबकावर चालणाऱ्या दांड्या असतात. तिथे काही घासत नाही, म्हणून हा त्रास कमी.) यावर उपाय म्हणून शून्याभोवती एक पट्टा ठेवतात, ज्यातले आकडे खेळाने ऐकायचेच नाहीत. त्याला डेड झोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या डाव्या दांडीसाठी सुचवलेला पट्टा ३२,७६७ पैकी ७,८४९ चा आहे, म्हणजे सुमारे पाव भाग. नातीने तो अर्धा ठेवला होता. तिच्या अंगठ्याला अर्धा म्हणजे काहीच नाही. आजोबांचा सगळा जोर त्या पट्ट्याच्या आतच संपत होता.

आम्ही आजोबांना पडद्यावरचा आकडा दाखवला. "भाऊ, हा तुमचा अंगठा. खेळ बहिरा आहे, अंगठा जिवंत आहे." त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला आणि पुन्हा दांडी हलवून पाहिली, खरेच बदलतो का म्हणून. चार-पाच वेळा हलवली.

आता पट्टा किती ठेवायचा, हेही अंदाजाने ठरवू नका. नव्या पॅडची दांडी हात न लावता तशीच ठेवली आणि आकडा पाहिला. तो जास्तीत जास्त ०.०६ पर्यंत जात होता. आजोबांचा अंगठा ०.३ च्या वर पोचत होता. या दोघांच्या मधे पट्टा बसवायचा. नातीने ०.१५ केला. मग तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. ०.३५ आला म्हणजे बूम पूर्ण वेगाच्या थोड्याच वेगाने जाणार. म्हणून तिने खेळात एक ओळ घातली: आजोबा खेळत असतील तेव्हा ०.३५ हाच पूर्ण जोर धरायचा. सुरुवातीला प्रत्येक खेळाडूने दांडी एकदा चारही बाजूंना फिरवायची, आणि ज्याचा जितका जास्तीत जास्त आकडा तोच त्याचा पूर्ण. म्हणजे नातवाचा १, आजोबांचा ०.३५, आणि बूम दोघांची सारख्याच वेगाने धावते.

राहिला नांगर. आजोबांनी बटण दाबले की नांगर खाली-वर, खाली-वर नाचत असे. कारण खेळ सेकंदाला ६० वेळा विचारतो, बटण दाबलेले आहे का? आजोबांचे बोट चटकन उचलत नाही, तेव्हा उत्तर बराच वेळ 'हो' येत राहते आणि प्रत्येक 'हो'ला नांगर उलटा फिरतो. इथे खेळाने मागच्या खेपेचे उत्तर लक्षात ठेवायचे. मागे 'नाही' होते आणि आता 'हो' आहे, तरच नांगर हलवायचा. कंप असलेल्या बोटांसाठी एक जास्तीची सोय करता येते. एकदा बटण लागले की पाव सेकंद पुढचे दाबणे मोजायचेच नाही.

बाजारातून आणलेल्या खेळात हे सगळे आपल्या हाती नसते. काहींत अशा सोयी असतात, काहींत नसतात. घरचा खेळ घरच्या जेवणासारखा. ज्याला मीठ वर्ज्य त्याचे ताट आधी काढून ठेवता येते. मुलांनो, तुमचा खेळ साधा आहे, चित्रे ओबडधोबड आहेत म्हणून लाजू नका. ज्याच्यासाठी केला त्याच्या हाताला तो बसला, तर दुकानातल्या खेळाला जमले नाही ते तुम्हाला जमले.

आता थोडे आमच्या नेहमीच्या विषयावर. ज्यांचा हात कमजोर आहे त्यांनी पॅड हवेत धरू नये. टेबलावर ओला नॅपकिन पसरून त्यावर ठेवावा, सरकत नाही. कोपराखाली उशी घ्यावी. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत, मग हाताला विसावा. दुखू लागले, मुंग्या आल्या, की थांबा. आणि ध्यानात ठेवा, पडद्यावरचा आकडा म्हणजे तपासणी नव्हे. आज ०.३४ आणि उद्या ०.२८ आला म्हणून घाबरू नका आणि ०.४ आला म्हणून गोळ्या सोडू नका. पण हातात एकदम फरक पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर खेळ बाजूला आणि ताबडतोब ॲम्ब्युलन्स. व्यायाम कोणता नि किती, हे कुपत खोलीमच्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा. खेळत असल्याचे त्यांना जरूर सांगा.

ज्यांना नेहमीचा पॅड अजिबातच धरता येत नाही त्यांच्यासाठी वेगळे पॅडही निघाले आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एक सपाट पॅड काढला. त्यावर तळहाताएवढी दोन मोठी बटणे आणि मागे १९ खाचा आहेत. त्यांत पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायची वेगवेगळी बटणे जोडता येतात. सोनीचा तसाच एक गोल पॅड २०२३च्या डिसेंबरात आला. पण घाईने काही विकत घेऊ नका. आधी आहे त्या पॅडची वाट तपासा. त्या घरात नवा पैसासुद्धा खर्च झाला नाही, खेळातल्या चार-पाच ओळी बदलल्या.

खालचा मजकूर कापून कॉम्प्युटरजवळ लावावा:

१. दिवा लागला का? तार आकडे नेणारी आहे का? बॅटरी आहे का?
२. खेळ बंद ठेवून, कॉम्प्युटरच्या चाचणीच्या पानावर पॅड हलतो का?
३. खेळाच्या पानावर क्लिक केले का? पॅडचे एक बटण दाबले का?
४. खेळ पॅडला सतत विचारतो का, की एकदाच?
५. येणारे आकडे पडद्यावर छापा. कोणते बटण कोणता आकडा, वहीत लिहा.
६. दांडी सोडून दिल्यावरचा आकडा आणि आजी-आजोबांचा जास्तीत जास्त आकडा, दोन्ही लिहा. डेड झोन त्यांच्या मधे ठेवा.
७. बटण धरून ठेवले तर एकदाच मोजले जाते का?
८. एका वेळी एकच गोष्ट बदला.

हे आठही झाले आणि तरी बूम हलली नाही, तर मगच हाताचा विचार करू, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

आजी-आजोबांना एक विनंती. पॅड खाली ठेवताना "माझा हात गेला" म्हणू नका. "माझा आकडा किती येतो, बघ," असे नातवंडाला सांगा. हे वाक्य हिब्रूत म्हणायला फार शब्द लागत नाहीत आणि पोरे लगेच कामाला लागतात. मुलांना आमची एक विनंती. खेळ पुरा झाला की आधी घरातल्या सगळ्यात कमजोर हाताला खेळायला द्या. त्या हाताला जमला म्हणजे सगळ्यांना जमेल.

कोणाच्या घरी असा खेळ बनला असेल तर आम्हाला जरूर लिहून कळवा. खेळाचे नाव आणि आजोबांचा आकडा दोन्ही लिहा. पुढच्या अंकात उन्हाळ्यातल्या पाण्याच्या गोळीविषयी, म्हणजे लघवी होण्याच्या औषधाविषयी लिहू. बऱ्याच जणांनी विचारले आहे. तोवर प्रकृतीला जपा.